घुमटाकार क्रीडागृह

मध्ये एकही खांब न घेता मोठे मैदान झाकणारी, घुमटाच्या आकाराचे छत असलेली इमारत. विद्यापीठात तिचा उपयोग बॅडमिंटन-कबड्डीपुरता राहत नाही. परीक्षा, युवक महोत्सव, दीक्षान्त समारंभही तिथेच होतात.

मराठवाड्याला घुमट नवा नाही. बीबी का मकबऱ्याचा घुमट सतराव्या शतकातला. पण तिथे पायथ्याचा रेटा जाड भिंती पेलतात. क्रीडागृहाला तशा भिंती परवडत नाहीत. उथळ घुमट पायथ्याशी बाहेर फाकू पाहतो, म्हणून कडेने ताण सोसणारे कडे घालतात. बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव चढवतात, तसाच हा प्रकार. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या १९६३ च्या सभागृहात सुमारे १२२ मीटर व्यासाच्या काँक्रीट घुमटाभोवती जवळजवळ हजार किलोमीटर पोलादी तार ताणून गुंडाळली आहे. रोमच्या छोट्या क्रीडागृहात (१९५७) इटालियन अभियंता पिएर लुइजी नेर्वी यांनी वेगळी वाट धरली: ३६ तिरक्या, वाय आकाराच्या टेकूंनी रेटा जमिनीत उतरवला.

मराठवाड्यात खरी कसोटी या जमिनीचीच. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते; कडे एका बाजूला खचले की घुमट पिळवटतो. त्यामुळे पाया मुरूम किंवा काळ्या पाषाणापर्यंत नेतात, आणि लाकडी तळाखालची काळी माती काढून मुरूम दाबून भरतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात दगडी भिंती आणि जड माळवदांखाली माणसे दबली. छत जितके हलके, तितका भूकंपाचा धक्का कमी. म्हणून इथे काँक्रीटपेक्षा पोलादी नळ्यांचा जाळीदार सांगाडा आणि पत्रा योग्य. मात्र पत्र्याखाली उष्णतारोधक थर हवाच, नाहीतर मे महिन्यात आत भट्टी होते आणि पावसात पंचाची शिट्टी ऐकू येत नाही.

शटल अवघे पाच ग्रॅमचे. पंख्याच्या झोताने ते भरकटते, म्हणून गरम हवा माथ्याच्या झरोक्यांतून बाहेर काढतात. मोठ्या स्पर्धांसाठी कोर्टावर १२ मीटर मोकळी उंची लागते. अंतर्वक्र छत आवाज एकवटते; विजापूरच्या गोल घुमटात त्याचे कौतुक होते, इथे सच्छिद्र फलक लावून तो शोषावा लागतो.

उभारणीत कडे पूर्ण जुळल्याशिवाय आधाराची परांची काढत नाहीत. काढतानाही माथ्यापासून सुरुवात करून, थोडीथोडी सैल करत काठाकडे येतात.