गोव्यात परदेशी नागरिकांची जमीनखरेदी

भारताचे नागरिकत्व नसलेल्या व्यक्तीने गोव्यात भूखंड, घर किंवा सदनिका विकत घेणे, आणि त्यावर असलेली कायदेशीर बंधने. मुख्य नियम असा : मूळचा भारतीय नसलेल्या आणि भारतात निवासी नसलेल्या परदेशी माणसाला इथे स्थावर मालमत्ता विकत घेता येत नाही. पाच वर्षांपर्यंतचा भाडेपट्टा मात्र चालतो. हा नियम गोव्यासाठी केलेला नाही, तो देशभर लागू असलेल्या परकीय चलन कायद्यातून येतो. गोव्यात तो जास्त चर्चेत असतो याचे एक कारण किनारा. दुसरे कारण असे की इथे ‘परदेशी नागरिक’ पुष्कळदा गावातलाच, वाड्यावरचाच माणूस असतो.

पूर्वी १९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्याखाली (फेरा) परदेशी नागरिकाला रिझर्व्ह बँकेची परवानगी लागत असे. १ जून २००० पासून परकीय चलन व्यवस्थापन कायदा (फेमा) लागू झाला आणि प्रश्न नागरिकत्वाइतकाच निवासाचा झाला. आदल्या आर्थिक वर्षात १८२ दिवसांहून अधिक काळ भारतात राहिलेला, आणि नोकरी, धंदा किंवा अनिश्चित काळ राहण्याच्या हेतूने आलेला माणूस ‘भारतात निवासी’ ठरतो. निवासी परदेशी माणसाला साधारणपणे खरेदी करता येते. पाकिस्तान, बांगलादेश, श्रीलंका, अफगाणिस्तान, चीन, इराण, नेपाळ, भूतान, हाँगकाँग, मकाव आणि उत्तर कोरिया इथल्या नागरिकांना मात्र रिझर्व्ह बँकेची पूर्वपरवानगी लागते. नेपाळी माणूस व्हिसाशिवाय येऊन गोव्यातल्या हॉटेलात वर्षानुवर्षे काम करू शकतो, पण परवानगीशिवाय इथे एक खोलीही आपल्या नावावर करू शकत नाही.

गोव्यातला सगळा घोळ या व्याख्येच्या अर्ध्या वाचनातून झाला. पेडणे आणि बार्देश तालुक्यांत, मोरजी, हरमल, हणजूण, कांदोळी या पट्ट्यात, २००० नंतरच्या दशकात ब्रिटिश, रशियन आणि इतर युरोपीय लोकांनी घरे व भूखंड घेतले. ‘१८२ दिवस काढले की झाले’ हे दलालांचे पालुपद होते. पर्यटक व्हिसावर कितीही दिवस राहिले तरी राहण्याचा हेतू पर्यटनाचाच राहतो, हे कोणी सांगत नव्हते, किंवा सांगणे कोणाच्या सोयीचे नव्हते. २००९ मध्ये केंद्रीय अर्थ मंत्रालयाने तसा खुलासा केला. त्याआधीपासूनच सक्तवसुली संचालनालयाच्या (ईडी) नोटिसा निघू लागल्या होत्या. फेमाखाली गुंतलेल्या रकमेच्या तिपटीपर्यंत दंड होऊ शकतो आणि मालमत्ता जप्तही होऊ शकते. सब-रजिस्ट्रारकडे विक्रीखत नोंदले गेले, मुद्रांक शुल्क भरले, फेरफार झाला, म्हणून फेमाचा भंग धुऊन निघत नाही.

भारतात कंपनी काढून तिच्या नावावर जमीन घेण्याची पळवाटही वापरली गेली. पण जमीन घेऊन नफ्याने विकण्याच्या धंद्यात परकीय गुंतवणुकीला मनाई आहे. कंपनीचा खराखुरा व्यवसाय काय, हा प्रश्न तिथे येतोच.

अनिवासी भारतीय आणि ओसीआय कार्डधारक (हे कार्ड मूळ भारतीय असलेल्या परदेशी नागरिकांना मिळते) यांना मुभा आहे. त्यांना निवासी व व्यापारी मालमत्ता कितीही घेता येते. शेतजमीन, मळ्याची जमीन आणि फार्महाउस मात्र विकत घेता येत नाही. पैसे बँकेमार्फत किंवा अनिवासी खात्यांतूनच यावे लागतात. परकीय चलनी नोटा वा प्रवासी धनादेश चालत नाहीत. त्यांच्या परदेशी जोडीदाराला त्यांच्यासोबत संयुक्त नावाने एकच मालमत्ता घेता येते, तीही विवाह नोंदणीकृत असून सलग किमान दोन वर्षे टिकलेला असेल तर.

१९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या पुढच्या दोन पिढ्यांना पोर्तुगाल आपले नागरिकत्व देतो. सासष्टी, बार्देश, तिसवाडीतल्या हजारो कुटुंबांनी ते घेतले आणि त्या पासपोर्टवर इंग्लंड गाठले. स्विंडन शहरात तर गोंयकारांची मोठी वस्ती आहे. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. त्यामुळे वडिलोपार्जित घरात वाढलेला माणूस ओसीआय कार्ड मिळेपर्यंत कायद्याने निव्वळ परदेशी असतो आणि शेजारचा प्लॉट विकत घेऊ शकत नाही. ओसीआयसाठी लागणाऱ्या पासपोर्ट समर्पणाच्या दाखल्यावर अनेकांचे अर्ज अडले होते. २०२४ मध्ये केंद्राने त्याऐवजी भारतीय पासपोर्ट रद्द केल्याचा आदेशही ग्राह्य धरायला सुरुवात केली. आधीपासून नावावर असलेली किंवा भारतात निवासी असलेल्या आईवडिलांकडून वारशाने आलेली मालमत्ता मात्र नागरिकत्व बदलल्याने जात नाही, मग ती शेतजमीन का असेना. अशी शेतजमीन विकायची झाली तर ओसीआयधारकाला ती भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच विकावी लागते.

खरेदीदार पात्र ठरला तरी जमीन पात्र आहे का, हे वेगळे पाहावे लागते, आणि माझ्या मते खरी जोखीम तिथेच आहे. गोव्यात महाराष्ट्रासारखा सात-बारा नाही. फॉर्म १ व १४ असतो, शहरी भागात फॉर्म डी. त्यातली नोंद खरी मानून चालतात, पण ती मालकीचा पक्का पुरावा नव्हे. त्यासाठी पोर्तुगीज काळातल्या नोंदणीच्या वह्यांपर्यंत मागे जावे लागते. फॉर्मवर कुळाचे नाव आहे का, ‘इतर हक्क’ या रकान्यात मुंडकार (दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणारा) आहे का, हे पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. १९७५ च्या कायद्याने मुंडकाराला भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जमिनीवरचे आपले राहते घर आणि भोवतालची जागा विकत घेण्याचा हक्क दिला आहे. पंचायत क्षेत्रात ३०० चौ. मी., नगरपालिका क्षेत्रात २०० चौ. मी. कोमुनिदाद म्हणजे गावची सामाईक जमीन सांभाळणारी जुनी संस्था; तिच्या जमिनीचे व्यवहार स्वतंत्र संहितेने चालतात.

बांधकामासाठी भूखंड प्रादेशिक आराखडा २०२१ प्रमाणे वस्ती क्षेत्रात हवा आणि १९६८ च्या जमीन महसूल संहितेखाली बिगरशेती वापराची सनद हवी. जुन्या पोर्तुगीज धाटणीच्या घरांच्या बाबतीत इथेच फसगत होते. घर सुंदर असते, पण ज्या सर्व्हे नंबरात ते उभे असते त्याचा बराचसा भाग बागायत म्हणून नोंदलेला असतो, आणि ओसीआयधारकाला शेतजमीन घ्यायची मनाई आहेच. २०२३ च्या राज्य कायद्याने तर शेतजमीन बिगर-शेतकऱ्याला विकण्यावर सगळ्यांसाठीच निर्बंध घातले. ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंत नवे बांधकाम होत नाही. खाजन शेतीलाही, म्हणजे खाडीकाठी बांध घालून केलेल्या शेतीलाही, किनारी नियमांचे संरक्षण आहे.

विक्रेत्याच्या बाजूला नागरी कायदा आड येतो. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेच्या परंपरेने विवाहानंतर पतिपत्नीची मालमत्ता सहसा सामाईक असते. त्यामुळे विक्रीखतावर दोघांच्याही सह्या लागतात, आणि मालक वारला असेल तर सगळ्या वारसांच्या आणि त्यांच्या जोडीदारांच्याही. वारस लिस्बन, टोरांटो आणि मडगाव असे विखुरलेले असले की न्यायालयातील इन्व्हेंटरी, म्हणजे वारसा वाटपाच्या, प्रक्रियेशिवाय गत्यंतर राहत नाही. अशाच ओस पडलेल्या, परदेशस्थ मालकांच्या घरांवर बनावट जुन्या कागदपत्रांनी डल्ला मारला गेला. त्याच्या तपासासाठी राज्य सरकारने २०२२ मध्ये विशेष तपास पथक नेमले.

परदेशी लोकांनी गोवा विकत घेतला ही तक्रार जुनी आहे, पण भाव चढण्यात दिल्ली, मुंबई, बेंगळुरूकडच्या खरेदीदारांचा वाटा लहान नाही, आणि त्यांना फेमा अडवत नाही. २०१३ मध्ये गोवा विधानसभेने विशेष दर्जाची मागणी करणारा ठराव केला. राज्यघटनेतले गोव्याविषयीचे कलम ३७१-आय मात्र विधानसभेत किमान ३० सदस्य असावेत एवढेच सांगते. जमिनीबद्दल त्यात काही नाही.