तापमानाचा आकडा येतो कुठून?

३० मे २०२४. नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सर्वांत तापणारे नऊ दिवस, चालू होता आणि नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्रानं तापमान नोंदवलं ५६ अंश सेल्सिअस. बातमी देशभर फिरली. भारतातला आजवरचा उच्चांक राजस्थानातल्या फलोदीचा, २०१६ सालचा ५१ अंश. जगातला अधिकृत उच्चांक अमेरिकेतल्या डेथ व्हॅलीचा, ५६.७. म्हणजे त्या दुपारी आपलं शहर डेथ व्हॅलीच्या खांद्याला खांदा लावून उभं होतं. नंतर हवामान खात्यानं खुलासा केला की इलेक्ट्रॉनिक सेन्सर नीट चालत नव्हता, आकडा चुकीचा आहे. शहरातल्याच दुसऱ्या काही केंद्रांवर तेव्हा ४४च्या आसपास तापमान होतं. थट्टा व्हायची ती झाली आणि विषय संपला.

मला मात्र त्या यंत्राच्या निर्विकारपणाचं अप्रूप वाटलं. ४४ दाखवताना त्याला जे वाटलं असतं तेच ५६ दाखवताना वाटलं, म्हणजे काहीच नाही. हवेतली उष्णता आणि पडद्यावरचा आकडा यांच्या मध्ये बरंच काही घडतं आणि त्यातल्या प्रत्येक टप्प्यावर आकडा बिघडू शकतो. हा मधला प्रवास शिकवणारा विषय इंजिनीअरिंगच्या मुलांना दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला असतो. कॉलेज हिंगणा रोडचं असो की काटोल रोडचं, लॅबच्या दारावर पाटी एकच: मायक्रोप्रोसेसर अँड इंटरफेसिंग. आत टेबलांवर किट मांडलेली असतात आणि बहुतेक किटांवर असतो इंटेलचा ८०८५.

ही चिप १९७६ची. त्याआधी पाच वर्षं, १९७१मध्ये, इंटेलनं बिझिकॉम या जपानी कॅल्क्युलेटर कंपनीच्या कामातून ४००४ हा पहिला बाजारात आलेला मायक्रोप्रोसेसर काढला होता. त्यात सुमारे २,३०० ट्रान्झिस्टर होते. ८०८५मध्ये साधारण ६,५०० आहेत. आजच्या चांगल्या मोबाइलमधल्या चिपमध्ये ही संख्या हजार कोटींच्या पुढे जाते. मग मुलांना ही पन्नाशीला आलेली चिप का शिकवायची, असा प्रश्न दरवर्षी कोणीतरी विचारतोच आणि तो रास्तही आहे. अभ्यासक्रम बदलायला विद्यापीठांना वेळ लागतो, हे त्याचं एक खरं उत्तर. दुसरं उत्तर मला जास्त पटतं: ८०८५ पूर्ण समजतो. चाळीस पिना, सोळा बिटांचा पत्ता, म्हणजे ६४ किलोबाइट मेमरी, आणि प्रत्येक सूचनेला किती क्लॉक, म्हणजे प्रोसेसरच्या घड्याळाचे ठोके, लागतात याचा छापील तक्ता. आत काय चाललंय ते कागदावर पेन्सिलनं मांडता येतं. मोबाइलच्या चिपबद्दल असं म्हणायची कोणाची प्राज्ञा नाही.

किटवर माउस नसतो, पडदाही नसतो. कॅल्क्युलेटरसारखी बटणं असतात आणि सहा लाल आकडे: चार पत्त्याचे, दोन मजकुराचे. प्रोग्राम आधी वहीत लिहायचा, मग तक्त्यातून एकेका सूचनेचा हेक्स कोड, म्हणजे सोळा अंकांच्या पद्धतीतला (नऊनंतर ए ते एफ) आकडा, शोधायचा आणि तो बोटांनी मेमरीत भरायचा. उदाहरणार्थ ३ई, ८०, डी३, ०३, ७६. पाच बाइट, पण पूर्ण प्रोग्राम. ३ई म्हणजे पुढचा आकडा ॲक्युम्युलेटरमध्ये, प्रोसेसरच्या हिशेबाच्या कप्प्यात, ठेव. तो आकडा ८०. डी३ म्हणजे आता तो पुढे दिलेल्या पत्त्यावर बाहेर पाठव. पत्ता ०३, जो किटनुसार बदलतो. ७६ म्हणजे थांब. त्या पत्त्यावर ८२५५ नावाची चिप बसलेली असते. तिच्याकडे चोवीस तारा, आठ-आठच्या तीन पोर्टांत वाटलेल्या. ८० हा आकडा मिळाला की तिन्ही पोर्ट बाहेर बोलायला तयार होतात.

लॅबमधला नेहमीचा संवाद असा:

“अबे, डी३ टाकायचं होतं ना, तू डीबी टाकून राहिला.”

“मग सांगितलं का नाही त्यानं?”

तो सांगत नाही. डी३ म्हणजे बाहेर पाठव, डीबी म्हणजे आत घे. दोन्ही वैध सूचना आहेत. किटनं निमूटपणे आत घेतलं, काय घेतलं ते देव जाणे, आणि पुढे चालू लागला. चुकीच्या ओळीखाली लाल रेघ ओढणाऱ्या संगणकाची सवय झालेल्या मुलांना इथे पहिला धक्का बसतो.

दुसरा धक्का वेळेचा. एलईडी लुकलुकवायचा म्हणजे तो पेटवून थोडं थांबायचं, विझवून थोडं थांबायचं. पण प्रोसेसरला थांबणं माहीत नाही, म्हणून त्याला निरर्थक मोजणीला बसवतात. डी आणि ई या रजिस्टरांच्या, म्हणजे प्रोसेसरमधल्या दोन कप्प्यांच्या, जोडीत एफएफएफएफ, म्हणजे ६५,५३५, भरायचे आणि शून्य होईपर्यंत एकेक कमी करत जायचं. एका फेरीला २४ क्लॉक. किटवर ६.१४४ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल असेल तर प्रोसेसर आत त्याचे निम्मे करतो. तेव्हा एक फेरी सुमारे ७.८ मायक्रोसेकंदांची आणि सगळ्या फेऱ्या मिळून जवळपास अर्धा सेकंद. यात एक खोच आहे. जोडीतून एक वजा करणारी डीसीएक्स ही सूचना झीरो फ्लॅगला, म्हणजे उत्तर शून्य आलं की नाही हे सांगणाऱ्या बिटाला, हात लावत नाही. त्यामुळे ‘वजा कर, शून्य नसेल तर मागे जा’ असं सरळ लिहिलं तर प्रोसेसर भलत्याच कुठल्यातरी जुन्या हिशेबाचा फ्लॅग बघतो आणि एक तर लगेच बाहेर पडतो किंवा कायमचा फिरत बसतो. डी ॲक्युम्युलेटरमध्ये घ्यायचा, ई त्याच्याशी ऑर करायचा (दोन्ही शून्य असतील तरच उत्तर शून्य), मग फ्लॅग विचारायचा. २४ क्लॉकांतले आठ या खटाटोपाचे. व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, हा प्रश्न हमखास येतो आणि पोरं उत्तर पाठ करून येतात. एलईडी पेटलेलाच राहिला म्हणून ज्यानं स्वतः डोकं खाजवलं, त्याला ते पाठ करावं लागत नाही.

इथवर सगळं शून्य आणि एकच्या राज्यातलं. इंटरफेसिंग म्हणजे त्या राज्याची वेस, आणि वेशीबाहेर कोणी नियम पाळत नाही. बटण दाबलं की आतली पत्ती काही मिलिसेकंद थरथरते. तुम्ही एकदा दाबलेलं बटण प्रोसेसरला पाच-सात वेळा दाबलेलं दिसतं, कारण तेवढ्या वेळात तो हजारो क्लॉक पुढे गेलेला असतो. पोर्टच्या तारेतून फार तर एक-दोन मिलिअँपिअर मिळतात आणि स्टेपर मोटरला लागतात शेकड्यांनी, म्हणून मध्ये नागपुरातल्या बर्डीवरच्या कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळणारी यूएलएन२००३ ही ड्रायव्हर चिप घालावी लागते. हे सगळं जर्नलमध्ये सुबक आकृत्यांसह असतं.

पण या विषयाचा खरा कस लागतो तो थर्मामीटरच्या प्रॅक्टिकलला, आणि अनेक ठिकाणी नेमकं तेच उरकलं जातं. एलएम३५ हा तीन पायांचा सेन्सर दर अंशाला १० मिलिव्होल्ट देतो. मे महिन्यातल्या दुपारी लॅबचा कूलर बंद पडला, खोली ४५ अंशांवर गेली, तर सेन्सर देणार ०.४५ व्होल्ट. हे व्होल्टेज त्याचा आकडा करणाऱ्या एडीसी ०८०९ या चिपकडे जातं. ती ० ते ५ व्होल्टच्या पल्ल्याचे २५६ भाग करते, म्हणजे एक पायरी सुमारे १९.५ मिलिव्होल्टची. ४५ अंशांना आकडा मिळतो २३. एका पायरीत जवळपास दोन अंश मावले! ४५ आणि ४६ यांत फरक करता येईल याची हमी नाही. प्रोग्राम कितीही हुशारीनं लिहा, जी माहिती दारातच गळाली ती आत परत मिळत नाही. उपाय वायरिंगमध्येच करावा लागतो: ऑप-ॲम्प ही व्होल्टेज वाढवणारी चिप लावून सेन्सरचं व्होल्टेज पाचपट करा, किंवा ०८०४ ही भावंड-चिप घेऊन तिच्या संदर्भाच्या पिनेवर १.२८ व्होल्ट द्या. मग तिचा पल्ला २.५६ व्होल्टचा होतो, पायरी बरोबर १० मिलिव्होल्टची, आणि एक अंश म्हणजे एक आकडा.

एवढं जुळवून किट चालू केला की डिस्प्लेवर येतं २डी. पोरं तारा हलवायला लागतात. बिघडलेलं काहीच नसतं. किट हेक्समध्ये बोलतोय, दोन सोळे बत्तीस आणि तेरा, पंचेचाळीस. ते माणसाच्या भाषेत आणायला दहा-दहा वजा करत जाणारा छोटा सबरूटीन लिहावा लागतो. डीएए ही सूचना हे काम करेल अशी अनेकांची समजूत असते. ती फक्त बेरजेनंतरची दुरुस्ती करते.

आता खरी गंमत. एडीसीला एक आकडा काढायला सुमारे १०० मायक्रोसेकंद लागतात. प्रोसेसरच्या हिशेबात हे तीनशे क्लॉक. ‘मोजायला घे’ म्हटल्यावर ‘झालं’ असा इशारा येण्याची वाट न बघता लगेच आकडा उचलला, तर हाती येतो मागच्या खेपेचा. तापमान हळूहळू बदलतं, त्यामुळे ही चूक दिसत नाही. प्रॅक्टिकल पास होतं, सही मिळते, आणि किट शेवटपर्यंत एक पाऊल मागचं सांगत राहतो.

त्याहून वाईट ग्राउंडची तार. सेन्सर आणि मोटर दोघांची परतीची वाट एकच ठेवली आणि त्या तारेचा रोध अवघा ०.०५ ओहम असला, तरी मोटरचे अर्धा अँपिअर त्यातून जाताना २५ मिलिव्होल्ट तयार होतात. एलएम३५च्या भाषेत अडीच अंश. मोटर फिरली की खोली तापते, थांबली की थंड होते! मल्टिमीटरनं प्रत्येक भाग वेगवेगळा तपासला तर सगळे निर्दोष निघतात. सिम्युलेटरवर हे कधीच घडत नाही, कारण तिथली तार म्हणजे फक्त एक रेघ असते. किटांऐवजी सगळं सॉफ्टवेअरवर घ्या म्हणणाऱ्यांशी माझं म्हणूनच पटत नाही. आर्डुइनोला माझी हरकत नाही. त्यात दहा बिटांचा एडीसी चिपमध्येच आहे आणि एका ओळीत वाचन होतं. पण ग्राउंड तिथेही तसंच वागतं. फरक इतकाच की आकडा सहज मिळाल्यावर त्याच्यावर संशय घ्यायचं कोणाला सुचत नाही.

सेन्सरची मधली तार उपटून बघा. डिस्प्ले रिकामा होत नाही. एडीसीची मोकळी पिन आजूबाजूचा विद्युत गोंगाट ऐकत बसते आणि आकडे येत राहतात, कधी ३८, कधी ७१. प्रोसेसरला ते पाहिजे तितके खरे. संशय घेणं हे प्रोग्राम लिहिणाऱ्याचं काम. त्याला फार सूचनाही लागत नाहीत: सीपीआय ३३, मग जेएनसी. ३३ हेक्स म्हणजे ५१. आकडा तेवढा किंवा त्याहून मोठा असेल तर वेगळ्या वाटेनं जा. मागच्या वाचनाशी तुलना करणारी आणखी चार-पाच बाइटं घातली की एका सेकंदात दहा अंश उडी मारणारा आकडाही पकडता येतो.

वेगळ्या वाटेनं जाऊन करायचं काय, यावर मात्र थांबून विचार करावा लागतो. आकडा फेकून देणं सोपं. पण १९८५मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञांनी अंटार्क्टिकावरच्या ओझोनची घट जाहीर केली, तेव्हा कळलं की नासाच्या उपग्रहानंही ती टिपली होती; १८० डॉब्सन युनिटांच्या (हे ओझोन मोजायचं एकक) खालचे आकडे सॉफ्टवेअरनं संशयास्पद म्हणून बाजूला काढले होते. ते जपून ठेवलेले होते म्हणून परत तपासता आले. तेव्हा ५१ किंवा त्याच्या पुढचा आकडा पुसायचा नाही. पोर्टला स्वतः जोडलेल्या सेव्हन सेगमेंट डिस्प्लेवर आठ बिटांतले सात दांड्यांचे आणि आठवा दशांशाच्या ठिपक्याचा असतो. संशयित आकड्याच्या कोडला ओआरआय ८० लावायचं, म्हणजे आठवा बिट एक करायचा, की तोच आकडा ठिपक्यासह पेटतो. तार तुटल्याची खात्रीच झाली असेल, तर ४० हा कोड पाठवून नुसती मधली आडवी दांडी पेटवायची. तिथे ०० दाखवू नका. शून्य अंश हे तापमानच आहे, आणि लेहमध्ये बसवलेल्या किटवर ते कोणीही खरं मानेल.