कॅमचे सिम्युलेशन आणि एडिटरचा बॅकप्लॉट

व्हीएमसीवर, म्हणजे प्रोग्रामवर चालणाऱ्या उभ्या मिलिंग मशीनवर, टूल जॉब धरणाऱ्या क्लॅम्पला आपटले की प्रोग्रामर हमखास एक वाक्य ऐकवतो : ‘पण सिम्युलेशनमध्ये तर सगळे बरोबर दिसत होते.’ ते खरोखरच बरोबर दिसलेले असते. पण त्याने जे पाहिले तेच मशीनवर चढले होते का, हे कोणी विचारत नाही. कॅममध्ये, म्हणजे डिझाइनवरून मशीनचा प्रोग्राम बनवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, सिम्युलेशन असताना त्या प्रोग्रामचा कोड तपासायला वेगळा कोड एडिटर कशाला विकत घ्यायचा, असे म्हणणारे मालकही याच घोळात असतात, कारण पडद्यावर दोन्हीकडे टूलच फिरताना दिसते.

कॅमच्या सिम्युलेशनची ओळख करून देण्याची गरज नाही. स्टॉक (कापायचा कच्चा तुकडा), फिक्स्चर (तो धरणारी चौकट) आणि टूल धरणारा होल्डर त्याला माहीत असतात, मटेरियल निघताना दिसते, टूल नको तिथे घुसले तर तेही कळते. त्यापुढे एडिटरचा बॅकप्लॉट, म्हणजे नुसत्या रेघा आणि त्यांवरून सरकणारे टूल, अगदीच गरीब वाटतो. रंगीत कोड आणि फाइंड-रिप्लेस यांवरून एडिटरची किंमत ठरवणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. तेवढे फुकटचे नोटपॅड प्लस प्लसही करते.

खरा फरक दोघे काय वाचतात, यात आहे. कॅमचे नेहमीचे सिम्युलेशन पोस्ट प्रोसेसरच्या अलीकडचा टूलपाथ दाखवते. पोस्ट प्रोसेसर, थोडक्यात पोस्ट, तो टूलपाथ फानुक, सीमेन्स किंवा हायडेनहाइन यांपैकी ज्या कंट्रोलसाठी (मशीन चालवणाऱ्या संगणकासाठी) हवा त्याच्या बोलीत उतरवतो आणि उतरवताना टूल बदल, जी४३ (टूलच्या लांबीची भरपाई), जी५४ (जॉबचे शून्य), कूलंट, झेड होमला नेणे अशा ओळी स्वतःच्या पदरच्या घालतो. या ओळी त्या सिम्युलेशनने कधी पाहिलेल्याच नसतात. बॅकप्लॉट मात्र तयार झालेली फाइलच ओळीओळीने वाचतो. पोस्ट केलेला कोड वाचणारे मशीन सिम्युलेशन काही कॅममध्ये मिळते, पण ‘आमच्या कॅममध्ये आहे ना’ म्हणणाऱ्या बहुतेकांच्या मनात ते नसते.

जी२८, म्हणजे टूल मशीनच्या होमला नेणारी आज्ञा, घ्या. फानुकवर ‘जी९१ जी२८ झेड०’ लिहिले तर, जी९१ मध्ये आकडे टूलच्या जागेपासून मोजले जात असल्याने, टूल आहे तिथून सरळ होमला जाते. त्याच ओळीत जी९१ ऐवजी जी९० आले, म्हणजे आकडा जॉबच्या शून्यापासून मोजला गेला, तर झेड० हा वाटेतला बिंदू ठरतो आणि टूल आधी जॉबच्या शून्यावर उतरते, मग वर जाते. शून्य जॉबच्या तळाशी घेतले असेल तर पुढे काय होईल ते सांगायला नको. कॅमच्या चित्रात ही हालचाल अस्तित्वातच नसते. जी२८ नीट समजणाऱ्या एडिटरमध्ये मात्र खाली उतरणारी ती एक रेघ लगेच डोळ्यांत खुपते.

दुसरा प्रसंग हाताने केलेल्या दुरुस्तीचा. ऑपरेटर उंची वाढवण्यासाठी ‘जी० झेड५०’ अशी ओळ टाकतो आणि पन्नासनंतरचा दशांश बिंदू विसरतो. फानुकच्या नेहमीच्या सेटिंगमध्ये बिंदू नसलेला आकडा मायक्रॉनमध्ये धरला जातो, त्यामुळे टूल ५० मिलिमीटर नव्हे, तर जेमतेम ०.०५ मिलिमीटर वर थांबते आणि पुढच्याच ओळीत रॅपिडने, म्हणजे पूर्ण वेगाने, क्लॅम्पकडे निघते. सीमेन्सवर तेच अक्षर न् अक्षर ५० मिलिमीटर ठरते. म्हणूनच एडिटर घेतल्यावर पहिल्याच दिवशी त्यात आपल्या कंट्रोलची बोली आणि बिंदूचा नियम निवडावा, नाहीतर बॅकप्लॉटही ५० मिलिमीटरची सुंदर रेघ काढून तुम्हाला फसवील. हे सेटिंग न तपासता ‘बॅकप्लॉट पाहिला’ म्हणणाऱ्याचा मला सिम्युलेशनवाल्यापेक्षा जास्त राग येतो.

दोघांनाही न दिसणाऱ्या गोष्टी आहेतच. कंट्रोलमधल्या जी५४ चे आकडे आणि ऑफसेट टेबलमधली टूलची लांबी फाइलमध्ये नसते, त्यामुळे पहिला जॉब सिंगल ब्लॉकवर (एकेक ओळ चालवत), हात फीड ओव्हरराइडवर (टूलचा वेग कमी-जास्त करणाऱ्या नॉबवर) ठेवूनच काढायचा. टी०५ (पाचवे टूल) पुढे चुकून एच०४ (चौथ्या टूलची लांबी) आले आहे का, हे मात्र एडिटरमध्ये शोध लावून मिनिटभरात कळते.

एवढे करूनही मला एडिटरचे सर्वांत मोलाचे अंग वाटते ते फाइल तुलनेचे. मशीनवर दुरुस्त झालेला प्रोग्राम परत आला की मी तो मूळ फाइलशेजारी उघडतो आणि ब्लॉक क्रमांकांकडे, म्हणजे ओळींच्या क्रमांकांकडे, दुर्लक्ष करायला सांगतो; हजारो ओळींतून बदललेल्या चारपाच ओळी वर येतात. साध्या एडिटरमध्ये हे करायला जावे, तर कोणीतरी हौसेने क्रमांक नव्याने दिलेले असतात आणि प्रत्येक ओळच बदललेली दिसते. सापडलेला बदल योग्य असेल तर तो कॅममध्येही करून घ्यायचा, कारण उद्या पुन्हा पोस्ट काढला की ऑपरेटरने सुधारलेली फीड गेलेली असते आणि टूल पुन्हा त्याच कोपऱ्यात तुटते.