‘आला असावा’चा फ्रेंच चुलतभाऊ

जिना चढून आलो आणि दाराशी भावाच्या चपला दिसल्या की आपण म्हणतो, ‘दादा आला असावा.’ दादाला अजून पाहिलेलं नाही, म्हणून ‘आला’वर न थांबता त्याला ‘असावा’ जोडतो. ‘आला’त काम झाल्याची खबर, ‘असावा’त आपला अंदाज. फ्रेंच शिकणाऱ्यांना घाम फोडणारं ‘स्युब्झोंक्तिफ पासे’ हे क्रियापदाचं रूप अशाच दोन तुकड्यांचं बनतं. ‘कील स्वा व्हन्यू’ यात ‘व्हन्यू’ म्हणजे आलेला, ‘स्वा’ म्हणजे असावा आणि ‘कील’ म्हणजे ‘की तो’. आपल्याकडे ‘असावा’ मागून येतो, त्यांच्याकडे आधी, एवढाच फरक.

त्यामुळे पाठांतर फार नाही. ‘एत्र’ (असणे) आणि ‘आव्हुआर’ (जवळ असणे) या दोनच क्रियापदांची विध्यर्थासारखी रूपं यायला हवीत. पुढे मुख्य क्रियापदाचं धातुसाधित ठेवलं की झालं. ‘संपवणे’ घेऊ: क झे फिनी, क त्यू ए फिनी, कील ए फिनी, क नूझेयों फिनी, क व्हूझेये फिनी, कील्झे फिनी. मी, तू, तो आणि ते या चौघांचा ‘ए’ कानाला एकच. लिहिताना मात्र त्याची स्पेलिंगं चार, आणि श्रुतलेखनात गुण जातात ते इथेच.

एत्र कधी लावायचं आणि आव्हुआर कधी? बहुतेक क्रियापदं आव्हुआर घेतात. येणं, जाणं, निघणं, पोचणं, जन्मणं, मरणं अशी मोजकी, आणि ‘स्वतःला’ जोडलेली सगळी, एत्र घेतात. ही मोजकी लक्षात राहावीत म्हणून इंग्रजीतून फ्रेंच शिकवणाऱ्यांनी आद्याक्षरांचं एक जोडपं जन्माला घातलंय, डॉक्टर अँड मिसेस व्हॅन्डरट्रॅम्प. मराठी माणसाला त्यांची गरज निम्मीच. ‘ती आली’, ‘ती गेली’ यांत ‘ने’ नाही. ‘तिने खाल्लं’, ‘तिने लिहिलं’ यांत आहे. ‘स्वतःला’वाली बाजूला ठेवली, तर एत्रवाली शोधायची ती ‘ने’ न घेणाऱ्यांतच. (सगळी नव्हेत. ‘ती झोपली’, ‘ती हसली’ ही फ्रेंचमध्ये आव्हुआरच घेतात.)

एत्रसोबतचं धातुसाधित कर्त्याचं लिंगवचन घेतं, आपल्या ‘ती आली असावी’सारखंच, पण तो बदल बहुधा कागदावरच राहतो. आव्हुआरची गंमत मोठी. ‘ब्यां केल ए एक्री ला लेत्र’ म्हणजे ‘तिने चिठ्ठी लिहिली असली तरी’. इथे ‘एक्री’. पण ‘से ला प्ल्यू बेल लेत्र केल ए एक्रीत’, म्हणजे ‘तिने लिहिलेल्यांतली ही सर्वांत सुंदर चिठ्ठी’, यात शेवटी ‘त’ वाजला. फ्रेंच ‘लेत्र’ स्त्रीलिंगी. ती क्रियापदाच्या आधी आली की धातुसाधित तिच्याशी जुळतं, मागून आली तर नाही. ‘तिने चिठ्ठी लिहिली असावी’ म्हणणाऱ्याला याचं नवल वाटू नये. आपलंही क्रियापद तिच्याकडे न बघता चिठ्ठीकडेच बघतं. मूळही सारखंच आहे. लॅटिनमध्ये ‘माझ्याकडे चिठ्ठी लिहिलेली आहे’ अशी रचना होती, तिच्यात ‘लिहिलेली’ हे चिठ्ठीचं विशेषण. संस्कृतात ‘तया पत्रं लिखितम्’, तिथेही ‘लिखितम्’ पत्राचं विशेषण. दोन्हीकडे विशेषणाचं हळूहळू क्रियापद झालं, पण नामाशी जुळवून घ्यायची खोड गेली नाही.

‘पासे’ म्हणजे गेलेला, भूतकाळ. हे नाव मात्र फसवं. ‘इल फो क त्यू ए फिनी आव्हां मिदी’, बाराच्या आत तुझं काम संपलेलं असलं पाहिजे. साहेब हे सकाळी आठला सांगतो, तेव्हा कामाला हातही लागलेला नसतो. हे रूप काम पूर्ण होण्याबद्दल बोलतं. ते पूर्ण होणं काल असो की उद्या.

मराठीचा आधार एका ठिकाणी सुटतो. ‘दादा आला असावा’ एवढंच म्हणायचं तर फ्रेंच माणूस ‘इल आ द्यू व्हनीर’ म्हणेल, त्यात स्युब्झोंक्तिफ नाहीच. तो सहसा दुसऱ्या वाक्याच्या आश्रयाने, ‘की’मागून येतो. उलट ‘झ स्वी कोंतां क त्यू स्वा व्हन्यू’, तू आलास, बरं वाटलं. पाहुणा समोर बसून चहा पितोय, शंकेला जागा कुठली? तरी ‘स्वा’. म्हणून ‘शंका असेल तिथे स्युब्झोंक्तिफ’ हा वर्गात सांगितला जाणारा नियम मला अर्धवट वाटतो. खबर द्यायची असेल तर साधं रूप; खबर गृहीत धरून तिच्यावर आनंद, खेद, हट्ट, नकार असा शेरा मारायचा असेल तर हे. ‘मला वाटतं तो आला’ यात साधं रूप, ‘मला नाही वाटत तो आला’ यात ‘स्वा व्हन्यू’.

या ‘पासे’चा एक भाऊ होता, स्युब्झोंक्तिफचंच दुसरं रूप, ‘ॲंपार्फे’. तो एका शब्दात मावायचा: क झ पार्लास, क नू पार्लासियों. आज बोलताना कुणी तो वापरला तर लोक हसतील. २६ फेब्रुवारी १९०१ च्या सरकारी आदेशाने परीक्षेत काही जागी त्याच्याऐवजी वर्तमान रूप चालवून घ्यायचं ठरलं. ‘पासे’ तगला, आणि माझ्या मते त्याचं कारण साधं आहे: त्याचे दोन्ही तुकडे रोज तोंडात असतात.

त्यातलं ‘स्वा’ तर आपल्याच नात्यातलं. लिहिताना त्याच्या शेवटी अजून ‘त’ असतो, उच्चारात तो गळाला. मागे लॅटिन ‘सित’, त्याहून जुनं ‘सिएत’, आणि त्याचं इंडो-युरोपीय भावंड म्हणजे संस्कृत ‘स्यात्’, ‘असावं’. जैनांच्या स्याद्वादातलं तेच हे ‘स्यात्’.