मान हलते, मग फाटक उघडतं

एक चित्रफीत हल्ली व्हॉट्सअॅपवर फिरते आहे. अमेरिकेतला रोडिओ, म्हणजे उसळत्या वळू-घोड्यांवर टिकून बसण्यासारख्या स्पर्धांचा खेळ, सातआठशे किलोंचा वळू, पाठीवर जेमतेम विशीतला पोरगा. दोन-तीन उसळ्यांतच तो धुळीत पडतो, शिंगं चुकवत कुंपणावर चढतो आणि पुढच्या दृश्यात पुन्हा वळूवर बसलेला दिसतो. खाली मजकूर असा की भीती म्हणजे काय हे यांना ठाऊकच नसतं, असं वाघाचं काळीज जन्मालाच यावं लागतं.

मला हा मजकूर फार खटकला. एक तर तो खोटा आहे. दुसरं म्हणजे मनाचा चिवटपणा कसा घडतो याबद्दल गेल्या पन्नास वर्षांत जे विलक्षण सुंदर संशोधन झालं, ते असल्या वाक्यांखाली गाडलं जातं. शिवाय त्या चित्रफितीतून नेमका महत्त्वाचा क्षण कापून टाकलाय. तो क्षण फाटक उघडण्याच्या आधीचा आहे.

वळू एका अरुंद लोखंडी कोंडवाड्यात उभा असतो. स्वार कठड्यावरून हळूच त्याच्या पाठीवर उतरतो. वळूच्या छातीभोवती एक सपाट विणीचा दोर असतो आणि त्याला खाली जड घंटा अडकवलेली असते. दोराला राळ चोळलेली असते. हातमोजा घातलेला एक हात दोराच्या मुठीत अडकवायचा, सोबत्याने दोर खेचून ताणायचा, उरलेलं टोक तळहाताभोवती घ्यायचं, मूठ ठोकून घट्ट करायची. मग पुढे सरकून बसायचं, हनुवटी छातीकडे घ्यायची आणि मान हलवायची. ती मान हलेपर्यंत फाटक उघडत नाही. त्यानंतरचे 8 सेकंद एकाच हाताने टिकायचं. मोकळा हात वळूला किंवा स्वतःला लागला तर गुण शून्य. शंभरपैकी अर्धे गुण स्वाराचे, अर्धे वळूचे. कोणता वळू वाट्याला येणार हे चिठ्ठीवर ठरतं, गुण पंच ठरवतात. स्वाराच्या हातात उरतं ते त्याचा दोर, त्याची बैठक आणि ती मान.

या मान हलवण्याचं मोल समजण्यासाठी 1967 सालात जावं लागेल.

त्या वर्षी 1 डिसेंबरला ओक्लाहोमा सिटीत, नॅशनल फायनल्स रोडिओत, फ्रेकल्स ब्राऊन नावाचा 46 वर्षांचा स्वार टोर्नेडो नावाच्या वळूवर बसला. या वळूवर त्याआधी 220 वेळा स्वार बसले होते आणि एकही 8 सेकंद टिकला नव्हता. ब्राऊन टिकला. पाच वर्षांपूर्वी ऑरेगनमधल्या पोर्टलंडला याच माणसाची मान मोडली होती. त्या मोसमात त्याने इतकी बक्षिसं जिंकून ठेवली होती की जगज्जेतेपद त्याला जायबंदी अवस्थेतच मिळालं. मोडलेली मान बरी झाल्यावर पुन्हा तीच मान हलवून फाटक उघडायला सांगणारा हा माणूस.

त्याच 1967 साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर हे दोन तरुण संशोधक कुत्र्यांवर प्रयोग करत होते. प्रयोग क्रूर होता, आज त्याला परवानगी मिळणं कठीण. एका कुत्र्याला विजेचे सौम्य नसलेले धक्के बसत, पण डोक्याने बाजूची फळी दाबली की धक्का थांबे. दुसऱ्या कुत्र्याला अगदी तेवढेच, त्याच क्षणी सुरू होऊन त्याच क्षणी थांबणारे धक्के बसत; फक्त त्याने काहीही केलं तरी उपयोग नव्हता. नंतर दोघांना अशा पेटीत ठेवलं जिथे मधला बुटका अडसर ओलांडला की धक्क्यातून सुटका होई. पहिला कुत्रा उडी मारून गेला. दुसऱ्या गटातले बहुतेक कुत्रे मात्र जागच्या जागी पडून राहिले. दोघांना बसलेली वीज सारखी, वेदना सारखी. फरक एवढाच की एकाच्या कृतीने काही बदलत होतं आणि दुसऱ्याच्या कृतीने काहीच बदलत नव्हतं. याला त्यांनी ‘शिकलेली असहायता’ असं नाव दिलं.

ही गोष्ट मानसशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात असते आणि बहुतेक लेख इथेच थांबतात. खरी मजा पुढे आहे.

मायर पुढे कोलोरॅडो विद्यापीठात गेला आणि मेंदूत नेमकं काय घडतं याच्या मागे लागला. आता प्राणी उंदीर. दोन उंदीर शेजारी, दोघांच्या शेपटीला तारा. एकासमोर लहानसं चाक. ते फिरवलं की दोघांचाही धक्का बंद. दुसरा त्याला जुंपलेला, पहिला सुटला की हाही सुटणार, पण स्वतःच्या हाताने कधीच नाही. आपल्याकडे जुवाला जुंपलेल्या जोडीतला एक चालेल तसं दुसऱ्याला चालावं लागतं, तसंच हे.

मेंदूच्या देठात, अगदी मधोमध, डॉर्सल राफे न्यूक्लियस नावाचा पेशींचा पुंजका आहे. मेंदूच्या पुढच्या भागाला सेरोटोनिन, म्हणजे पेशींमधले निरोप नेणारं एक रसायन, पुरवणारं हे मोठं केंद्र. जुंपलेल्या उंदरात हे केंद्र अक्षरशः पेटतं. सेरोटोनिनचा लोट भीतीशी निगडित भागांकडे जातो, भीती वाढते आणि पळण्याची हालचाल दबते. चाकवाल्या उंदरात तेवढाच धक्का बसूनही हे केंद्र शांत राहतं. जाता जाता सांगतो: सेरोटोनिनला ‘आनंदाचं रसायन’ म्हणून गोळ्या, पावडरी आणि केळी विकणाऱ्या जाहिरातींवर विश्वास ठेवू नका. इथे तेच रसायन असहायतेचं वाहन आहे. रेणूला स्वतःचा स्वभाव नसतो. तो कुठे, किती आणि पेशीवरच्या कोणत्या ग्राहकावर, म्हणजे निरोप झेलणाऱ्या प्रथिनावर, जाऊन बसतो त्यावर सगळं ठरतं.

आता प्रश्न असा की देठातल्या या पुंजक्याला ‘धक्का आपल्या ताब्यात आहे’ हे कळतं कसं? त्याला ते कळतच नाही. कळतं ते कपाळामागे, व्हेंट्रोमिडियल प्रीफ्रंटल कॉर्टेक्स या भागाला. 2005 साली मायरच्या प्रयोगशाळेने चाकवाल्या उंदराच्या या भागात मसिमॉल हे पेशींचं काम थांबवणारं औषध सोडून तो तात्पुरता गप्प केला. उंदीर चाक फिरवत होता, धक्का थांबवत होता, सगळं व्यवस्थित. पण नंतर तो जुंपलेल्या उंदरासारखाच असहाय वागला. पुढे उलटा प्रयोग झाला. जुंपलेल्या उंदराच्या याच भागाला औषधाने चेतवलं आणि हातात काहीही नसताना तो चाक असल्यासारखा सावरला. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो होतो.

याची जोडणी अशी आहे. कपाळामागच्या पिरॅमिडल पेशी देठापर्यंत लांब तंतू पाठवतात. तिथे त्या ग्लुटामेट हे चेतवणारं रसायन सोडतात, पण सेरोटोनिनच्या पेशींवर थेट नाही. मध्ये गाबा बनवणाऱ्या छोट्या पेशी असतात, त्यांच्यावर. गाबा हे शमवणारं रसायन, त्यामुळे वरून आलेला ‘चेतव’ असा निरोप खाली पोहोचता पोहोचता ‘थांब’ असा होतो. सेरोटोनिनच्या पेशींवर स्वतःचा एक ब्रेकही असतो, 5-एचटी-1ए नावाचा ग्राहक. ताब्याबाहेरच्या तीव्र ताणानंतर हा ब्रेक काही दिवस बोथट होतो. म्हणून त्या काळात साध्या त्रासानेही केंद्र भडकतं. हे वर्णन जरा दाट झालं याची मला जाणीव आहे. एवढं धरून ठेवलं तरी पुरे: घाबरवणारी यंत्रणा खाली आहे, आवरणारा हात वर आहे, आणि ‘माझ्या करण्याने फरक पडतो’ हे कळलं तरच तो हात हलतो.

यामुळे मूळ सिद्धांत उलटा झाला. 2016 साली सेलिगमन आणि मायर यांनी स्वतःच लिहिलं की आपण सुरुवातीला चुकलो होतो. असहायता शिकावी लागत नाही. दीर्घ त्रासाला मेंदूचा मूळचा प्रतिसादच तो आहे. शिकावा लागतो तो ताबा. पन्नास वर्षं आपल्या नावाने चाललेली कल्पना आपणच उलटी करायची, याला वैज्ञानिक प्रामाणिकपणा म्हणतात.

आणि आता चिवटपणा. ज्या उंदराला आधी चाक मिळालं, त्याला काही दिवसांनी ताब्याबाहेरचा धक्का दिला तरी तो कोसळत नाही. जणू लस टोचलेली असते. ही लस कपाळामागच्या त्या भागात नवी प्रथिनं तयार होऊन साठते. ती प्रथिनं रोखली तर लस लागत नाही. ती केवळ विजेपुरती नसते. चाक फिरवून आलेल्या उंदराला पुढे दांडग्या उंदराकडून मार खावा लागला, तरी तो अधिक तग धरतो.

दोन इशारे द्यायलाच हवेत. उंदीर म्हणजे माणूस नव्हे. आणि हे प्रयोग मुख्यतः नरांवर झाले होते. माद्यांवर केले तेव्हा ताब्याचं हे संरक्षण तसं दिसलं नाही. रोडिओत पिंपांभोवती घोडा पळवण्याची बॅरल रेसिंग ही बायकांची मोठी स्पर्धा आहे. त्यांच्या बाबतीत वरचं सगळं जसंच्या तसं लावणं घाईचं ठरेल.

तरीही रोडिओच्या जुन्या शिस्तीकडे या नजरेने पाहिलं की ती वेगळीच दिसते. लहान मुलं आधी मेंढीवर बसतात, मग खोंडांवर, मग लहान वळूंवर. सरावाला दोरांवर टांगलेलं पिंप असतं, सोबती दोर ओढून ते हिंदकळवतात. प्रत्येक पायरीवर मुलाला एकच गोष्ट कळत जाते: कंबर बाहेर गेली की मी पडतो, मध्ये राहिली की टिकतो. म्हणजे चाक फिरवलं की धक्का थांबतो. 1970 सालचा जगज्जेता गॅरी लेफ्यू बसण्याआधी संपूर्ण स्वारी मनात पाहण्यावर भर देई आणि पुढे त्याने ते शेकडो मुलांना शिकवलं. यातलं मला पटणारं कारण असं की मनातल्या त्या स्वारीत प्रत्येक उसळीला स्वाराकडे उत्तर असतं.

याउलट ‘घट्ट होईल’ म्हणून कच्च्या पोराला आडदांड वळूवर बसवणारे बाप आणि उस्ताद असतात. पहिल्याच उसळीत फेकला गेलेला पोरगा आपण काय चुकलो हे सांगूच शकत नाही, कारण काही करण्याइतका वेळच त्याला मिळालेला नसतो. तसं पाच-सहा वेळा झालं की तो जुंपलेला उंदीर झाला. मग त्याला भित्रा म्हणतात. हा त्या पोरावर अन्याय आहे आणि विज्ञानाच्या दृष्टीने शुद्ध अडाणीपणा आहे.

रोडिओत अंधश्रद्धाही भरपूर आहेत. टोपी पलंगावर ठेवायची नाही, पिवळा सदरा घालायचा नाही, स्वारीआधी कोंबडी खायची नाही. आपल्या लिंबू-मिरचीची ही भावंडं. जिथे ताबा कमी तिथे माणूस असा ताबा शोधतो, हे मी समजू शकतो. पण चाक तारेला जोडलेलं होतं म्हणून उंदीर शिकला. दोराचा पीळ वळूच्या उसळीला जोडलेला असतो, टोपी नसते. टोपी सांभाळण्यात गेलेलं लक्ष दोराकडून काढून घेतलेलं असतं.

एक गोष्ट मात्र कोणत्याही सरावाने सुटत नाही, आणि तिच्यामुळेच ‘वाघाचं काळीज’ ही भाषा मला धोकादायक वाटते. टाय पोझोबॉन हा कॅनडाचा उमदा स्वार जानेवारी 2017 मध्ये, वयाच्या 25 व्या वर्षी, आत्महत्येने गेला. त्याच्या डोक्याला वारंवार मार बसलेला होता. मृत्यूनंतरच्या तपासणीत मेंदूत सीटीई, म्हणजे डोक्याला वारंवार मार बसल्याने मेंदू हळूहळू खराब करणारा आजार, सापडला. व्यावसायिक बुल रायडरमध्ये, म्हणजे वळूस्वारामध्ये, तो निश्चित झाल्याची ही पहिलीच नोंद. डोकं जोरात आपटतं तेव्हा मेंदूचा कपाळामागचा खालचा भाग कवटीच्या खडबडीत तळावर घासतो आणि तिथे अनेकदा इजा होते. ज्या परिसरात आवरणारा हात असतो, तोच हा परिसर. तिथे घाव बसलेल्या माणसाला ‘मन घट्ट कर’ म्हणणं हे मोडलेल्या पायाने पळ म्हणण्यासारखं आहे.

प्रोफेशनल बुल रायडर्स या संघटनेने 2013 पासून 15 ऑक्टोबर 1994 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या स्वारांना हेल्मेट सक्तीचं केलं. त्याने कवटी आणि चेहरा वाचतो. आतला मेंदू हेलकावायचा थांबत नाही. मैदानामागच्या खोलीत डॉक्टर तोल पाहतात, तारीख विचारतात, शब्द लक्षात ठेवायला सांगतात. पण अशा माराचा बराचसा भाग नेहमीच्या स्कॅनवर दिसत नाही. डोकं जड झालंय, दिवे डोळ्यांना टोचताहेत, कालची संध्याकाळ आठवत नाही, हे स्वाराने तोंडाने सांगितलं तरच डॉक्टरला कळतं.