एआय साक्षरता : ग्रंथपालांचे सहअध्ययन

एआयची, म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेची, साधने कशी चालतात, कुठे चुकतात आणि कधी बाजूला ठेवावीत, हे महाविद्यालयीन ग्रंथपालांनी एकमेकांकडून शिकून घेण्याची पद्धत. ‘माहिती साक्षरता’ ही संज्ञा पॉल झुरकोव्स्की यांनी १९७४ मध्ये वापरली. एआय साक्षरता ही तिचीच पुढची शाखा मानली जाते. ड्युरी लाँग व ब्रायन मॅगर्को यांनी २०२० मध्ये तिच्या १७ क्षमता मांडल्या. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी खुले झाले आणि हा विषय थेट देवघेवीच्या काउंटरवर आला.

सातारा-सांगलीकडे तालुक्याच्या महाविद्यालयात ग्रंथपाल बहुधा एकटाच. दाखल नोंदवही, नॅकची (महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या परिषदेची) कागदपत्रे, स्पर्धा परीक्षेच्या मुलांची गर्दी, सगळे त्याच्याच गळ्यात. शंका आली तर शेजारच्या गावच्या ग्रंथपालाला फोन लावायचा. सहअध्ययनाचे मूळ एवढेच.

पद्धत सोपी आहे. एकच प्रश्न प्रत्येकाने आपापल्या मोबाइलवर मराठीत आणि इंग्रजीत विचारायचा व उत्तरे कपाटातल्या पुस्तकांशी ताडून पाहायची. प्रश्न आपल्या मातीतला असला की चूक लवकर पकडता येते. उदाहरणार्थ, ‘प्रतिसरकारच्या काळात कुंडल कोणत्या जिल्ह्यात होते?’ प्रतिसरकार ही क्रांतिसिंह नाना पाटलांची ब्रिटिशविरोधी चळवळ साताऱ्याची म्हणून ओळखली जाते, गाव आज सांगली जिल्ह्यात आहे. पण त्या काळी कुंडल औंध संस्थानात होते, म्हणजे ब्रिटिशांच्या कोणत्याच जिल्ह्यात नव्हते. शिवाय सांगली जिल्हा १९४९ मध्ये वेगळा झाला तो ‘दक्षिण सातारा’ या नावाने. आजचे नाव १९६० मधले. ‘सातारा’ आणि ‘सांगली’ ही दोन्ही उत्तरे तितक्याच ठामपणे येऊ शकतात, आणि दोन्ही चूक.

संदर्भसूचीची तपासणी हा यातला सर्वांत कसाचा भाग. चॅटजीपीटीसारख्या साधनामागचे भाषिक प्रारूप (लँग्वेज मॉडेल) पुढचा शब्द कोणता येण्याची शक्यता जास्त, हे पाहून मजकूर जुळवते. ग्रंथालयाची तालिका, म्हणजे पुस्तकांची सूची, उघडून बघतेच असे नाही. त्यामुळे लेखक खरा, प्रकाशक खरा, साल पटण्यासारखे, आणि पुस्तक मात्र कधी छापलेच गेले नाही, असा प्रकार घडतो. लेख असेल तर डीओआय (लेखाचा कायमचा डिजिटल ओळखक्रमांक) उघडावा, नियतकालिकाच्या त्या अंकाची अनुक्रमणिका पाहावी. मराठी पुस्तकांना डीओआय सहसा नसतो. तिथे तालिका आणि जुन्या वाचनालयांचे कपाट. सांगलीचे नगर वाचनालय १८६९ पासूनचे आहे. वाईत संपादित होणाऱ्या मराठी विश्वकोशाच्या नोंदीखाली लेखकाचे नाव असते, हेही नवख्या विद्यार्थ्याला दाखवण्याजोगे.

वाङ्मयचौर्याबाबत मात्र गोंधळ फार. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. पण हे साम्य म्हणजे आधीच्या मजकुराशी जुळणे. एआयने लिहिलेला नवा मजकूर त्यात शून्य टक्केही दाखवू शकतो. एआय ओळखणारी साधने वेगळी, आणि माणसाच्या लेखनावरही ती बोट ठेवतात. केवळ त्यांच्या आकड्यावरून विद्यार्थ्याला दोषी धरू नये.