ग्रामसभा म्हणजे ग्रामपंचायत नव्हे

गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हमखास दिसणारी ओळ: 'ग्रामसभेत ठराव झालाय.' खोदून विचारलं की कळतं, ठराव झाला तो मासिक सभेत, म्हणजे सरपंच आणि सदस्य बसतात त्या बैठकीत. ग्रामसभा भरलेलीच नसते. पारावरच्या गप्पांत ही गल्लत चालून जाते, घरकुलाच्या यादीत नाव नसलं की मात्र नडते.

ग्रामपंचायत म्हणजे आपण निवडून दिलेली माणसं. बऱ्याच गावांत तिला सरळ 'बॉडी' म्हणतात. महाराष्ट्रात लोकसंख्येनुसार ७ ते १७ सदस्य, मुदत ५ वर्षं, निम्म्या जागा महिलांसाठी राखीव. शिवाय 'ग्रामपंचायतीत जाऊन येतो' म्हणताना आपल्या डोळ्यांपुढे फक्त इमारत असते, दाखला काढायची नि घरपट्टी भरायची. एकाच शब्दाला इतकी कामं लावल्यावर घोटाळा व्हायचाच.

ग्रामसभेवर कुणी निवडून जात नाही. गावच्या मतदार यादीत नाव आहे तो प्रत्येक जण तिचा सभासद. अर्ज नाही, फी नाही. ७३ व्या घटनादुरुस्तीने, २४ एप्रिल १९९३ पासून, हे राज्यघटनेतच आलं. म्हणून 'गावाची विधानसभा' ही भाषणांतली उपमा मला पटत नाही. विधानसभेत आमदार बसतात. इथे मतदार स्वतः बसतो. आणि निकष यादीचा असल्याने गंमतही होते: पुण्यात नोकरीला असलेला, पण नाव गावाकडेच ठेवलेला मुलगा सभासद ठरतो, तर गावात पाच एकर बागायत असलेला, पण नाव शहराच्या यादीत नेलेला त्याचा चुलता ठरत नाही.

बॉडीची मुदत संपली, निवडणूक लांबली, प्रशासक बसला, तरी ग्रामसभा संपत नाही. तिला मुदतच नाही.

कायद्याने वर्षाला किमान ४ ग्रामसभा घ्याव्या लागतात. त्या टाळल्या तर सरपंचाचं पद जाऊ शकतं. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या नेहमीच्या तारखा. त्याआधी महिलांची वेगळी सभा. कोरम, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, १५ टक्के मतदार किंवा १०० जण, यांपैकी जो आकडा कमी असेल तो. म्हणजे ४०० मतदारांच्या वाडीला ६० माणसं लागतात आणि ३ हजारांच्या गावाला १०० पुरतात. तेवढीही येत नाहीत. झेंडावंदन उरकतं, मुलं खाऊ घेऊन पांगतात, ओट्यावर पंचवीस-तीस जण उरतात, सभा तहकूब. तहकूब सभेला मग कोरमची अट नसते, त्यामुळे तेच पंचवीस-तीस जण सगळ्या गावाच्या नावाने हात वर करतात. सह्यांचं रजिस्टर नंतर घरोघर फिरतं ते वेगळंच.

कामांची वाटणी तशी सोपी आहे. गटारं, दिवाबत्ती, नळाचं पाणी, पट्टी वसुली, ठेकेदाराचं बिल हे बॉडीचं काम. त्या कामांचा आराखडा मंजूर करायचा, योजनेचे लाभार्थी निवडायचे, झालेल्या खर्चाचा हिशेब मागायचा, हे ग्रामसभेचं. गोंधळ होतो कारण दोन्हीकडे अध्यक्ष सहसा सरपंच आणि लिहायला ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचा ग्रामसेवक). पण प्रोसिडिंग बुकं, म्हणजे सभेचं कामकाज लिहायच्या वह्या, दोन वेगळी असतात. कुणी ठरावाची नक्कल नाचवली तर आधी एवढंच पाहायचं, ती कुठल्या बुकातली आहे. मासिक सभेच्या ठरावावर फक्त सदस्यांचं मत असतं. तुमचं-आमचं नाही.

थेट सरपंच आल्यापासून हा फरक आणखी ठसठशीत झालाय. २०१७ साली सरपंच थेट जनतेतून निवडायला सुरुवात झाली, २०२० साली ती पद्धत बंद झाली, २०२२ साली परत आली. (सरकार बदललं की सरपंचाची निवडही बदलते, हा आपल्याकडचा वेगळाच खेळ.) अशा सरपंचावर तीन चतुर्थांश सदस्यांनी अविश्वास मंजूर केला तरी तेवढ्याने त्याची खुर्ची जात नाही. ग्रामसभेत गुप्त मतदान होतं आणि तिथे बहुमत मिळालं तरच तो पायउतार होतो. बॉडीच्या वर कोण, याचं इतकं रोखठोक उत्तर कायद्यात दुसरीकडे क्वचितच सापडेल.

आदिवासी भागात तर दोघींच्या हद्दीही वेगळ्या असू शकतात. १९९६ च्या पेसा कायद्यामुळे (अनुसूचित आदिवासी क्षेत्रांतल्या पंचायतींचा कायदा) एका ग्रामपंचायतीतल्या पाड्यालाही स्वतःची ग्रामसभा मिळू शकते. वनहक्क कायद्यातही जंगलावरच्या हक्काचा दावा ठरवायची सुरुवात ग्रामसभेपासूनच होते. गडचिरोलीतल्या धानोरा तालुक्यातलं मेंढा हे २०११ साली लेखा ग्रामपंचायतीत असलेलं छोटं गोंड गाव. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा तिथली. निर्णय बहुमताने नव्हे, सगळ्यांची सहमती होईपर्यंत बसून घ्यायचे, ही रीतही तिथलीच. २००९ साली मेंढ्याला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, पण बांबू विकायला वाहतूक परवाना लागे आणि तो वनखातं देईना. शेवटी एप्रिल २०११ मध्ये तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले आणि परवान्यांचं पुस्तक मेंढ्याच्या ग्रामसभेच्या हाती दिलं. लेख्याच्या ग्रामपंचायतीच्या नव्हे.